पाकिटातले एकतीस लाख

पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी बांधकामाच्या धंद्यात सगळे त्याला धाकटाच म्हणत. थोरला भाऊ होता तोवर ते बरं वाटायचं. थोरला गेला, त्याची निम्मी भागीदारी वहिनीकडे आली आणि धाकट्याच्या गळ्यात एक खटला पडला. दोघा भावांनी एका शाळेची इमारत बांधली होती. गच्ची गळते म्हणून मालकाने शेवटचे चाळीस लाख अडकवून ठेवले होते. ती गच्ची थोरल्याने स्वतः उभं राहून करून घेतलेली. मेलेल्या माणसाच्या कामाला नावं ठेवता म्हणजे काय! धाकटा इरेला पेटला.

वकिलाच्या फीसाठी वहिनीने राहतं घर गहाण टाकलं. "तुम्ही म्हणाल तिथे सही करते, भावजी," एवढंच ती म्हणाली.

दीड वर्षापूर्वी मालकाचं तडजोडीचं पत्र आलं. एकतीस लाख घ्या, वाद मिटवा, चूक कोणाची ते कोणीच लिहायचं नाही. वकीलबाईंनी त्याला समोर बसवून नियम समजावला.

"हे पत्र बंद पाकिटात राहील, न्यायाधीशांना आत्ता दिसणार नाही. निकालानंतर पाकीट उघडेल. एकतीसपेक्षा कमी मिळाले, तर आजपासूनचा त्यांचा सगळा खर्च तुमच्या बोडक्यावर. वकील, तज्ज्ञ इंजिनिअर, सगळं. एकवीस दिवस आहेत. वहिनींना विचारा."

त्याने पत्र तीनदा वाचलं. काम चांगलं होतं, असं त्यात कुठेच नव्हतं. तेवढी एक ओळ असती तर त्याने वीस लाखांतसुद्धा मिटवलं असतं. ते तीन आठवडे तो रोज वहिनीकडे जाऊन चहा पीत होता आणि पत्राचं नावही काढत नव्हता. ती 'घेऊन टाका' म्हणेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

विसाव्या दिवशी वकीलबाईंनी विचारलं, "वहिनी काय म्हणाल्या?"

"नको म्हणाल्या."

धडधडीत खोटं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही, आणि त्याची लाज त्याला त्या दिवसापासून रोज वाटत होती.

आज निकाल लागला. गच्चीचा उतार उलटा पडला आहे, पाणी निचऱ्याच्या पाइपाकडे न जाता भिंतीकडे जातं, आणि दोष काम करून घेणाऱ्याचा आहे, असं न्यायाधीशांनी थोरल्याचं पूर्ण नाव घेऊन वाचलं. दुरुस्तीचे चौदा लाख कापून सव्वीस मंजूर झाले.

वहिनीने त्याचा हात धरला. "सव्वीस म्हणजे घर सुटलं ना, भावजी?"

तेवढ्यात समोरचा वकील उठला आणि त्याने एक बंद पाकीट पुढे केलं.

"ते काय आहे?" तिने विचारलं.

त्याने तिला बाहेरच्या बाकावर नेलं आणि सगळं सांगितलं. पत्र, एकवीस दिवस, तिच्या नावावर खपवलेला नकार. दोन्हीकडचा खर्च वजा जाता घर सोडवण्याइतके पैसे उरणार नाहीत, हेही सांगितलं. सांगताना त्याला तिच्याकडे बघवेना.

"दादाच्या नावासाठी केलं, वहिनी," तो म्हणाला. त्याचं त्यालाच ते पोकळ वाटलं. दादाची चूक आता सरकारी शिक्क्यासकट कागदावर चढली होती, आणि ती त्यानेच चढवली होती.



"उतार चुकलाय हे तुमच्या दादांना माहीत होतं," वहिनी म्हणाली. "स्लॅब टाकला त्याच आठवड्यात मला सांगितलं होतं. 'धाकट्याला कळू देऊ नकोस, मी कधी चुकत नाही असं वाटतं त्याला,' म्हणाले."

"मग तुम्ही खटला का चालू दिलात?"

"चालू कुठे द्यायचा होता? तडजोडीचं पत्र येईल, त्यांचं गुपितही झाकलेलं राहील, म्हणून थांबले होते मी. रोज यायचात तुम्ही, रोज वाटायचं, आज सांगाल, पत्र आलंय म्हणून."