हार्ड, सॉफ्ट आणि खाडीतली बोय

वर्तकनगरच्या बुद्धविहारात चार वर्षं फुकट शिकवण्या घेतलेल्या शालनला आता पगाराची नोकरी हवी होती. दोन शाळांनी वाटेला लावलेलं. मानपाड्याच्या या तिसऱ्या शाळेत हरिहर हेडमास्तरांसमोर सहावीला इंग्रजीचा नमुना पाठ द्यायचा आणि तो पसंत पडला तरच काम. मग काय, बाईंनी आठवडाभर दोनच शब्द घोकले: हार्ड आणि सॉफ्ट.

तिनं फळ्यावर दोन रकाने आखले. इकडे हार्ड स्टोन, हार्ड लक, हार्ड हार्ट. तिकडे सॉफ्ट कॉटन, सॉफ्ट व्हॉइस, सॉफ्ट हार्ट. "दगड हार्ड, फुटकं नशीब हार्ड, निर्दय काळीजही हार्ड. म्हणजे सॉफ्ट चांगलं आणि हार्ड वाईट. बरोबर ना?" तिनं हे वाक्यही फळ्यावर लिहिलं.

चाळीस पोरं, पण हूं की चूं नाही! अहो, सहावीचा वर्ग इतका गप्प असतो का कुठं? मागच्या बाकावर हेडमास्तर घड्याळ बघत होते.

"माझं चुकलं असेल तर सांगा रे," ती शेवटी म्हणाली. "मला राग नाही येणार."

खाडीकाठच्या कोळ्यांची मंजुळा ताडकन उठली. तिच्यानं राहवेचना. "नाय वो बाई! माझी आय खाडीतली बोय मासळी घेताना अंगठ्यानं दाबून बघते. हार्ड लागली तं ताजी. सॉफ्ट लागली तं सडकी, फेकून दे!"

"हार्ड वर्क पण चांगलं!" कान्हा ओरडला.

"आणि पेपर हार्ड आला तर?" शालननं विचारलं.

"वाईट!" अख्खा वर्ग किंचाळला. शालननं हसत हसत आपलं वाक्य पुसलं आणि बोय दोन्ही रकान्यांत लिहिली. नोकरीबिकरी ती पार विसरूनच गेली.

"मंजुळा! कोणी सांगितलं बोलायला?" हेडमास्तर गरजले.

संपलं सगळं, शालनला वाटलं. पण पोरीचा उतरलेला चेहरा बघून तिचं डोकंच फिरलं. "मी सांगितलं, सर. चूक माझी होती, तिनं सुधारली. तिला रागवायचं नाही!"

हेडमास्तर खो खो हसत सुटले. "पाहुण्या बाईंपुढे तोंड उघडाल तर छडी, असा दम मीच भरलेला. शिस्त दिसावी म्हणून हो! तुमच्याआधी तीन बाई येऊन गेल्या, तिन्ही वेळा पोरांनी माझंच ऐकलं. आज पहिल्यांदा बाईंचं ऐकलं. सोमवारी रुजू व्हा."