वाळू भाजणारा म्हातारा

"रेडा रस्ता घाण करतो, काका. यंदा तुमची रेड्याची गाडी नाही," पुरिंगताई म्हणाली. मिरवणुकीचं सगळं तीच बघायची. "पुढं दिव्यांसाठी जनरेटरचा ट्रक. राण्यांचे चेहरे दिसायला नकोत?"

"आणि मी?"

"तुम्ही चर्चच्या दारात खुर्ची टाकून बसा. भाजा खुशाल वाळू."

"मॅथुसेला काय खुर्चीवर बसतो? मी चालत येतो."

"आणि चूल? डोक्यावर घेणार?"

"चूल कशाला? वाळू कोणी खाणार आहे का?"

एपिफानियोनं एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढल्या होत्या. गावात त्याला ओळखत ते मात्र मे महिन्यातल्या मिरवणुकीमुळं. हरवलेला क्रूस शोधून काढणारी राणी एलेना सगळ्यांत मागं, तिच्यापुढं राण्या झालेल्या गावच्या इतर मुली, आणि सर्वांत पुढं गाडीवर बायबलातला नऊशे वर्षांचा मॅथुसेला, कढईत वाळू भाजत. हा सगळा झगमगाट शेवटी माती, एवढंच त्यानं सांगायचं. हे काम कुणी घेईना, तेव्हा सव्विसाव्या वर्षी एपिफानियोनं कापसाची दाढी चिकटवली होती. आता तो एकाहत्तरचा होता आणि दाढी स्वतःची होती.

रविवारी सायंकाळी तो लोखंडी कढई घेऊन ट्रकच्या मागोमाग निघाला. पुलापर्यंत ठीक चाललं. पुढं गुडघा धरला. पहिली राणी घागरा सावरत बाजूनं निघून गेली, मग दुसरी. फोटो काढणारे त्याला चुकवून पळत होते. बाजारापाशी येईतो त्याच्या मागं फक्त राणी एलेना आणि बँड उरला होता.

यंदाची एलेना म्हणजे शिंप्याची जोवेलिन. चार जणांनी तिच्यावर फुलांची कमान धरली होती.

"काका, या ना कमानीखाली. माझा हात धरा."

"राणीबरोबर नाही चालत मी," तो धापा टाकत म्हणाला. "राणीच्या पुढं चालतो."

जोवेलिन थांबली. "मग व्हा पुढं."

"अगं, आमचे खांदे मोडले!" कमानवाला ओरडला.

"मोडू देत. मला या टाचांवर पळता येतंय का?"

तो दोन पावलं पुढं झाला. मग ती निघाली. तो थांबला की ती थांबे आणि मागं बँडवाले तेच कडवं पुन्हा धरत. एपिफानियो उलथनं फिरवत राहिला. थंड वाळू कढईत खरखरत होती.

चर्चच्या दारात पुरिंगताई घड्याळ बघत उभी होती. "फादर केव्हाचे ताटकळलेत! काका, सांगितलं होतं ना मी?"

"आलो ना," तो म्हणाला.

त्यानं कढई पायरीवर टेकवली, पण हात सुटेना. बोटं कडीभोवती आखडून गेली होती. पुरिंगताई आणखी काही बोलणार होती. पण ते बघून ती खाली बसली आणि त्याचं एकेक बोट सोडवू लागली.