मागच्या दाराचा घास

"सुहास, आपण एक दिवस उपाशी राहिलो म्हणून मरत नाही. पण दारचा मुका जीव उपाशी असताना आपल्या घशाखाली घास उतरू द्यायचा नाही. एवढं सांभाळ."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घशाखाली पाणीही उतरत नव्हतं. सुहासिनीने त्यांचा हात धरून 'हो' म्हटलं, आणि ते 'हो' तिने देवाच्या दिव्यासारखं जपलं. सकाळी पूजा, मग गायीचा घास, मग चहा. देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बाईकडून गवताची पेंडी घ्यायची, गायीच्या तोंडाशी धरायची, नमस्कार करून घरी यायचं.

मग एकदा पालिकेची गाडी आली आणि गाय घेऊन गेली. कावळ्याला घालावं, तर कबुतरांपायी सोसायटीने गच्चीवर दाणापाणी बंद केलेलं. कुत्र्यांना घालावं, तर वॉचमन काठी आपटी. त्या दिवशी ती मरोळच्या कारखान्यांच्या गल्लीतून अनशापोटी फिरत होती. एका आवाराच्या मागच्या जाळीतून तिला आत लांब पांढरे कान हलताना दिसले. दाराशी स्टुलावर एक माणूस बसला होता. तो रोझारिओ, मरोळ गावठाणातला, जनावरांची राखण करणारा.

"हे कुणाचे हो ससे?"

"कंपनीचे."

"पाळलेत?"

रोझारिओ जरा अडखळला. "पाळलेत म्हणजे... पाळलेतच, ताई."

तेव्हापासून पूजेसाठी निवडून उरलेल्या दूर्वा, कोबीचा पाला, गाजराचे देठ असं पिशवीत भरून ती रोज त्या मागच्या दाराशी जाई. "देतो, ताई," असं म्हणून तो पिशवी आत नेई, आणि ती घरी येऊन निवांत मनाने चहा घेई.

हा निवांतपणा वरच्या मजल्यावरच्या गार्गीने मोडला. पोरगी वकिलीची परीक्षा देत होती, तोंडाने फटकळ, मनाने हळवी. तिने मोबाइलवर फोटो दाखवले. मान चौकटीत अडकवलेले, पाठीवरचे केस काढलेले ससे. "काकू, हे परदेशातलं नाही. आपल्या गल्लीतलं आहे." देव्हाऱ्यातले देव सुहासिनीला त्या दिवशी परके वाटले. दर शनिवारी त्या कंपनीच्या औषधांच्या प्रयोगशाळेच्या पुढच्या फाटकासमोर गार्गीची मंडळी निदर्शनं करत. सुहासिनी त्यांच्यात फलक धरून उभी राहू लागली. घोषणा देणं तिला जमत नसे. ती मनातल्या मनात जप करी.

तिचे यजमान अनंतराव घरी टोमणा मारत. "डेंग्यूत मला सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या, त्या काय आभाळातून पडल्या? आधी कुठल्या तरी जनावराला टोचल्याच असतील ना?"

ती दुसऱ्या दिवशीचा पाला निवडत राही.

आणि मग बोलता बोलता ती गार्गीला सांगून बसली की आपण रोज सशांना पाला देतो.

गार्गी ताडकन उठली. "काय सांगता! बाहेरचं खाणं आत जातं? वाट लागली त्या कंपनीची! काकू, असं खाणं गेलं की सगळे प्रयोग बाद. शनिवारी कॅमेऱ्यासमोर एवढंच बोला. परवाना जातो की नाही बघा."

"बोलेन," सुहासिनी म्हणाली. आपल्या हातून एवढं मोठं काही होईल, याचं तिला अप्रूप वाटलं.

शुक्रवारी सकाळी मात्र रोझारिओने पिशवी घेतली नाही.

"शनिवारी तुम्ही बोलणार म्हणे. फाटकावरच्या वॉचमनला पण ठाऊक आहे. माझं नाव घेणार?"

"नाही हो, नाव कशाला घेऊ?"

"नाव न घेता काय होतंय? मागच्या दाराला मी एकटाच असतो." तो खालच्या आवाजात बोलत होता, पण चिडला होता. "एक सांगू, ताई? तुमचा पाला मी त्यांना एकदाच घातला. मला दया आली होती असं नाही. खाद्याची गोणी आली नव्हती, आणि मला कंटाळा आला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पोटं बिघडली. औषधाची चाचणी चालू होती, तिचे आकडे गेले. मग साहेब म्हणाले, खोली रिकामी करा."

"रिकामी म्हणजे?"

त्याने हाताने सुई टोचल्याची खूण केली.

"सगळे?"

"सगळे. नंतर नवे आणले. चाचणी पहिल्यापासून. लॅब बंद नाही झाली, ताई, डबल ससे लागले. उद्या तुम्ही बोललात तर परत तेच होणार. माझी नोकरी जाईल ती वेगळीच."

सुहासिनीने जाळी घट्ट धरली. ज्या हातांनी दूर्वा निवडल्या, ते हात तिला बघवेनात. "मग रोजचा माझा पाला?"

"गावठाणात बकऱ्या आहेत आमच्या. त्यांना घालायचो. तुमचा नेम चुकला नाही."

"आहेत अजून त्या बकऱ्या?"

"नाताळनंतर कुठल्या राहतात, ताई."

मग सुहासिनीने विचारलं, "यातला एकही जीव बाहेर येत नाही का हो?"

"काहींना औषध देत नाहीत, नुसते तुलनेला ठेवतात. चाचणी उद्या संपते. कुणी घरी न्यायला लेखी मागितले, तर साहेब देऊ शकतात म्हणे. पण मागायला आजवर कुणी आलं नाही. मागितल्याशिवाय संध्याकाळी त्यांचंही तेच."

"आणि बाकीचे?"

रोझारिओने पुन्हा तीच खूण केली.

"मी येते उद्या," ती म्हणाली. "माझी वाट बघा."

संध्याकाळी ती वर गेली आणि कॅमेऱ्यासमोर बोलणार नाही म्हणून गार्गीला सांगितलं.

"का? घाबरलात? की कंपनीने काही प्रसाद दिला?"

"मी बोलले तर वाचवता येतील तेही मारतील गं, आणि मरायला पुन्हा नवे आणतील."

"आणि नाही बोललात तर? वर्षानुवर्षं मरत राहतील! चार ससे वाचवायचे, काकू, की पुढच्या शंभर खोल्या?" गार्गीचे डोळे भरून आले होते. "तुम्ही रोज व्रतं करता. तुम्हीच सांगा ना!"

पोरगी चुकीचं बोलत नव्हती, हेच सुहासिनीला सोसेना. "मला शंभरांचं कळत नाही," ती हळू म्हणाली. "फलक धरून मी येतच राहीन. पण हे बोलणार नाही."

"मग नकाच येऊ," गार्गी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

शनिवारी पूजा झाली. हात जोडताना ओठांवर मागणं आलंच नाही. सुहासिनीने माळ्यावरून गौरीच्या मुखवट्यांची वेताची टोपली काढली. मुखवटे कपाटात नीट ठेवले, आणि टोपलीत जुन्या सुती लुगड्याची घडी अंथरली. साहेबांच्या नावाने रात्री लिहिलेला ससे मागण्याचा कागद कमरेला खोवला.

"चहा?" अनंतरावांनी विचारलं.

"आल्यावर."

"गौरीची टोपली घेऊन निघालीस खरी! पण काल म्हणालीस ते ससे आणून ठेवणार कुठे? सोसायटी काय म्हणेल?"

"बाल्कनीत जागा आहे," ती म्हणाली. "बाकीचं आल्यावर भांडू."

साहेबांना भेटायचं तर पुढच्याच फाटकातून जावं लागणार होतं. गल्लीच्या तोंडाशीच घोषणा ऐकू येत होत्या. गार्गीचा आवाज सगळ्यांत वर होता, मोबाइल धरलेले हात उंचावलेले होते. या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आपण आत जाणार, हे तिला दिसत होतं. तिने टोपली कडेवर घेतली, पदर सावरला, आणि फाटकाच्या दिशेने चालू लागली.