शनिवारी सोललेले बटाटे

लेनाने कांद्याचं एक रोप उपटलं, पात फाकवली आणि बेचक्यात फुंकर मारली. सुईच्या टोकाएवढे पिवळसर जीव सैरावैरा पळाले. फुलकिडे. अजून पिल्लंच होती, औषधाने मरली असती. पण लवकरच ती मातीत उतरणार आणि पंख फुटले की सगळं शेत पांढरं करणार.

शनिवारची दुपार होती. समुद्रावरून असा वारा सुटला होता की फवारा थेट शेजारच्या क्राइनच्या बिटावर गेला असता.

"उद्या वारा पडतोय," क्राइन बांधावरून ओरडला. "पण उद्या तुझ्या बाबांचा देव जागा असतो!"

"तुझाही तोच देव आहे ना रे?"

"माझा डुलक्या घेतो."

लेनाला हसू आलं नाही. सोमवारपासून पुन्हा आठवडाभर वारा सांगितला होता. मग फवारणं म्हणजे वरातीमागून घोडं. गेल्या साली पीक असंच हातचं गेलं होतं. यंदाही गेलं, तर जमीन क्राइनला खंडाने द्यायची, असं बाबांनी सांगून टाकलं होतं.

बाबा गावच्या चर्चच्या पंचांपैकी एक. रविवार देवाचा, त्या दिवशी काम करायचं नाही, असा चर्चचा नियम. रविवारी कुणी इंजिन चालवलं, तर त्याच्या घरी जाऊन समज देणं त्यांच्याकडेच होतं. लेनाच्या घरी रविवारचे बटाटेही शनिवारीच सोलून पाण्यात ठेवत. रविवारी फक्त चुलीवर चढवायचे. आई गेल्यापासून ते काम बाबा करत.

संध्याकाळी ते सोलत बसले होते, तेव्हा लेना समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, उद्या फवारू?"

"उद्या रविवार आहे."

"किड्यांना कुणी सांगितलंय का?"

सुरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. बटाटे संपल्यावर बाबा शेडकडे निघून गेले. लेनाला त्यांचा भयंकर राग आला.

रविवारी संध्याकाळी वारा पडला. बाबांनी काळा कोट घातला.

"चर्चला येतेस?"

"नाही."

एरवी यावर तासभर ऐकून घ्यावं लागलं असतं. बाबा दारात नुसते घुटमळले.

"आज स्तोत्रं लांबलचक आहेत," ते म्हणाले. "सगळे जोरात गातात. बाहेरचं काही ऐकू येत नाही."

ते गेल्यावर लेना शेडमध्ये आली. फवारणीचं यंत्र ट्रॅक्टरला जोडून ठेवलं होतं. औषधाच्या कपाटाची किल्ली, जिला बाबा कुणाला हात लावू देत नसत, ती स्टिअरिंगला अडकवलेली होती. तिने टाकीचं झाकण उघडलं. टाकी पाण्याने काठोकाठ भरलेली होती, कालपासून.

चर्चमध्ये गाणं सुरू होईपर्यंत ती थांबली. मग तिने इंजिन चालू केलं.