आत येण्याचा परवाना

मित्रांनो, आज माझ्या अंगावर धुळीचा थर आहे आणि माझा पंखा फिरताना खरखरतो. पण एके काळी आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये माझ्या खोलीत पाऊल टाकण्याआधी माणसे चपला काढत. मी सर्व्हर आहे, म्हणजे अनेक संगणकांना माहिती पुरवणारा मोठा संगणक. एकोणीसशे शहाण्णव साली हैदराबादच्या एका दुकानात माझी जुळवणी झाली. मग कापसाच्या गाद्यांवर आडवे निजवून मला जीपमधून इथे आणले.

जिनिंग भगवानरावांची. कापसातून सरकी वेगळी काढायची आणि रुईच्या गठाणी बांधायच्या, हे काम त्यांनी एका यंत्रापासून सुरू करून चाळीस वर्षांत मोठे केले होते. मला पाहायला त्यांची बहीण राहीबाई जैनथहून आली होती. तिने माझ्या कपाळावर म्हणून जिथे कुंकू लावले, ती जागा नेमकी फ्लॉपी घालायच्या फटीवर होती. ते कुंकू काढताना महिपतचा अर्धा दिवस गेला.

महिपत हा माझा सांभाळ करणारा. त्याचे वडील गुडीहत्नूरला शिक्षक होते आणि त्याच्या आज्याने लोकांच्या शेतात सालदारी केली होती. संगणकाची नोकरी मिळालेला तो घराण्यातला पहिलाच. भगवानरावांना माझी ओळख त्यानेच करून दिली.

"मालक, मशीन आपली झाली," तो म्हणाला, "पण तिच्यातली जी प्रणाली आहे, ती आपली नाही. ती वापराचं लायसन लागते. बाहेरगावाहून फोनवरून आत येणाऱ्याचं लायसन आणखी वेगळं. तशे आपण पाच घेतले."

"म्हणजे घर माहं, अन् माह्या माणसाले घरात यायची परवानगी दुसऱ्याची?"

"तसंच समजा."

"पाचाच्या वर सहावा आला तं?"

"त्याले मशीन आत घेणार नाही. एक जण बाहेर निघाला का मंग येईल."

महिपतने आणखी एक गोष्ट सांगितली. परवाने दोन तऱ्हांनी लावता येत. पहिल्या तऱ्हेत कोणीही यावे, फक्त एका वेळी पाचच. दुसऱ्या तऱ्हेत पाच नावे पक्की करायची. मग त्या पाचांखेरीज कोणालाही, सगळ्या जागा रिकाम्या असल्या तरी, आत येता येणार नाही. पहिली तऱ्हा सोडून दुसरीवर जाता येते, तेही एकदाच. दुसरीवरून पहिलीवर परत येण्याची सोय नाही.

"पयलीच ठेव," भगवानराव म्हणाले. "जागा असली तं येऊ दे. नाव कायले पुसायचं?"

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. दुपार कलली की बोथच्या, गुडीहत्नूरच्या आणि बेल्याच्या खरेदी केंद्रांतून फोन यायचे. फोनच्या तारेवरून माहिती आणणारा मोडेम कर्कश ओरडायचा आणि त्या दिवशी किती कापूस आला ते माझ्या पोटात जमा व्हायचे. पाहुणे आले की भगवानराव त्यांना माझ्यासमोर उभे करत. "इथं बसून बोथचा कापूस दिसते," एवढेच म्हणत आणि पाहुण्याच्या तोंडाकडे पाहत राहत.

दुसऱ्या वर्षी हंगामाच्या तोंडावर त्यांना लकवा झाला. उजवे अंग गेले. त्यांचा मुलगा सुधाकरराव याने त्यांना जैनथच्या घरी, राहीबाईकडे नेऊन ठेवले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, असे तो सगळ्यांना सांगे. महिपतने मात्र कचेरीतला एक जुना संगणक आणि मोडेम उचलला, बसच्या टपावर बांधला आणि जैनथला नेऊन त्यांच्या पलंगाशेजारी लावून दिला.

तेव्हापासून रोज सकाळी, केंद्रे उघडायच्या आत, भगवानराव माझ्याकडे येऊ लागले. डाव्या हाताच्या एका बोटाने ते आपला गुप्त शब्द टाकत: पैनगंगा. इंग्रजी अक्षरांत. दोन अक्षरांमध्ये इतका वेळ जाई की फोन तुटतो की काय असे वाटे. मग ते आत येत, कापसाचे आणि रुईचे आकडे पाहत, आणि राहीबाई म्हणे, आकडे पाहिले की त्यांना नीट जेवण जाते.

एका सकाळी त्यांनी आकडे पाहिले आणि जिनिंगला फोन लावला. सुधाकररावासमोर तेव्हा मुंबईचे व्यापारी बसले होते.

"सुधाकर, इतक्या कापसातून इतकी रुई निघत नाही. वजन वाढवाले गठाणीवर पाणी मारून राह्यला काय?"

फोनचा आवाज मोठा होता. व्यापाऱ्यांना मराठी कळत होती. ते चहा अर्धा ठेवून उठले.

सुधाकरराव माझ्या खोलीत आला तेव्हा त्याने चपला काढल्या नाहीत.

"महिपत, ते नावाचं लायसन म्हणत होता ना तू? ते लाव."

"साहेब, ते परत फिरवता येत नाही."

"म्हणूनच लाव."

महिपतने तीन केंद्रांची नावे घातली. रुई विकून देणाऱ्या नांदेडच्या दलालाचे घातले. पाचवे नाव सुधाकररावाने आपल्या घरचे सांगितले.

"घरून तं कोणी येतच नाही, साहेब. त्या जागी मोठ्या मालकाचं घालू?"

"पोरं खेळतात त्याच्यावर. राहू दे."

"मंग एक लायसन जास्तीचं मागवू. महिन्याभरात येते."

"बाबा बिमार आहेत. बिमार माणसानं आराम करावा." सुधाकररावाने खुर्ची ओढली आणि महिपतच्या मागे बसून राहिला, शेवटची कळ दाबली जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जैनथहून फोन आला. पैनगंगा. एकेक अक्षर, सावकाश, अगदी बरोबर. माझ्याजवळ नकाराचे एकच वाक्य होते: प्रवेश नाकारला आहे. शब्द चुकला तरी तेच आणि परवाना नसला तरी तेच. का नाकारला, हे सांगण्याची सोय मला बनवणाऱ्यांनी केली नव्हती. भगवानरावांनी पुन्हा शब्द टाकला. पुन्हा टाकला. ऊन अंगणात उतरले तरी ते टाकत होते. त्या घरात काय घडले ते मला पुढे महिपतच्या तोंडून कळले.

शेवटी त्यांनी मुलाला फोन केला.

"तुमीच शब्द इसरले असान, बाबा," सुधाकरराव म्हणाला. आवाज मऊ होता. "होते असं. या बिमारीत डोक्यावरही परिणाम होते म्हणतात."

मित्रांनो, त्या एका वाक्याने जे केले ते लकव्यालाही जमले नव्हते. भगवानराव स्वतःची परीक्षा घेऊ लागले. जेवण झाल्यावर राहीबाईला विचारत, "मी जेवलो काय?" नातवांची नावे पुटपुटत. शब्द आपल्याला आठवतो आहे तो खरा, की आठवतो असे वाटते आहे, याचा त्यांना निवाडा करता येईना.

"दादा, माह्या लग्नात वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालतं, हे तुले याद आहे," राहीबाई म्हणे. "तुले काऊन इसर पडन?"

"मशीन खोटं बोलत नाही, राही," ते म्हणत.

गावातले लोक कापूस केव्हा विकावा हे विचारायला येत. त्यांना ते सांगू लागले, "मले नका पुसू."

मग एका रविवारी सुधाकरराव जीप घेऊन जैनथला गेला. बरोबर भगवानरावांचे मेहुणे वामनराव आणि नात्यातली चार वडीलधारी माणसे होती. फोनची जोडणी करायला महिपतलाही नेले होते. जिनिंग मुलाच्या नावावर करायची की नाही, हे ठरवायला सगळे जमले होते. चहा झाला. सुधाकररावाने वडिलांना उशीला टेकवून बसवले, त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

"बाबा, टाका बरं तुमचा शब्द. मामांना दाखवा."

भगवानरावांनी हात मागे घेतला. "नाही जमत मले आता."

"टाकून तं पाहा. रोजचाच शब्द आहे. लहान लेकराले बी याद राहीन."

त्यांनी टाकला. सगळे वाकून पाहत होते. इकडे आदिलाबादच्या रिकाम्या खोलीत मी तो शब्द ओळखला, तो बरोबर होता हेही जाणले, आणि यादीत नाव नव्हते म्हणून माझे वाक्य पाठवले. रविवार होता. पाचही जागा रिकाम्या होत्या.

कोणी तरी हसले. "आणखी एक डाव," सुधाकरराव म्हणाला. पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी भगवानरावांचे बोट कळेवरून घसरले. वामनरावांनी नजर वळवली.

"भाऊजी, पोराच्या हाती द्या आता," ते म्हणाले.

"द्या," भगवानराव म्हणाले. "मले याद राहत नाही तं मी काय करू?"

कागद जीपमध्ये तयारच होते. महिपत तारा गुंडाळत खाली पाहत राहिला.

त्यानंतर महिपतचे कामात लक्ष लागेना. एके दिवशी त्याने रजा टाकली, जैनथची बस धरली आणि पलंगाशेजारी जाऊन उभा राहिला.

"मालक, तुमचा शब्द बराबर आहे. पयल्या दिवसापासून बराबर आहे. धाकट्या मालकानं तुमचं नाव यादीत येऊ दिलं नाही. कळ मी दाबली."

"म्हणजे मी इसरलो नाही."

"एक अक्षर बी नाही."

"राही, ऐकलं काय?" राहीबाई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. भगवानरावांच्या चेहऱ्यावर सुख आले. ते फार वेळ टिकले नाही. त्या सुखाच्या मागे दुसरी गोष्ट होती, आणि ती त्यांना आता दिसली.

"त्यानं मुद्दाम केलं."

महिपतने मान हलवली.

"त्या दिवशी तू इथंच होता. वामनरावासमोर."

"हो मालक."

"तेव्हा बोलला असता तं?"

महिपतच्या घरी लहान मूल होते, वडिलांची दवा होती. पण ते सांगायची ही जागा नव्हती.

"जाय," भगवानराव म्हणाले. "बस निघून जाईल."

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन केला. सुधाकररावाने तो माझ्या खोलीतच घेतला.

"मी काही इसरलो नाही, सुधाकर."

"बरं," सुधाकरराव म्हणाला. "आता कोणाले सांगसान? तुमी सांगितलं तं लोक म्हणतीन, म्हातारं आता पोरावर आळ घेऊन राह्यलं." मग त्याने फोन खाली ठेवला आणि महिपतचा हिशेब करून त्याला कामावरून काढायला सांगितले.

भगवानरावांनी कोणालाच सांगितले नाही. पण रोज सकाळी जैनथहून माझा फोन वाजत राहिला. एक बोट, सावकाश अक्षरे, पैनगंगा. एकदाच. नकार वाचला की राहीबाई मोडेम बंद करी. आत यायला मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. शब्द आठवतो की नाही, एवढेच त्यांना पाहायचे असे. पुढच्या हंगामापर्यंत तो एकदाही चुकला नाही. मग एका सकाळी फोन आला नाही, आणि दुपारी, मोठे मालक गेले म्हणून, जिनिंगचा भोंगा बंद ठेवण्यात आला.

पुढे जिनिंगने नवे यंत्र घेतले. मला भंगाराच्या भावात काढले, आणि महिपतने मला विकत घेतले. आता तो आदिलाबादच्या बसस्थानकामागे मुलांना संगणक शिकवतो. परवान्यांचा धडा आला की तो दोन्ही तऱ्हा फळ्यावर लिहितो आणि दुसरीखाली रेघ ओढतो.

मित्रांनो, माझी धूळ पुसलीत तर बरे वाटेल. पंख्यात तेलाचा थेंब घातलात तर आणखी काही वर्षे चालेन. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरातले एखादे म्हातारे माणूस यंत्रापुढे हात आखडून विचारील, "माहंच चुकलं काय रे?" तेव्हा लगेच हो म्हणू नका. नकार माझ्या पडद्यावर उमटतो, पण यादी माणसाने लिहिलेली असते. ती कोणी लिहिली हे तुम्हाला ठाऊक असेल, तर चार माणसे बसलेली असतानाच बोला.