तूबामावशीने चोरलेला गहू

तूबामावशीला यातून काय मिळणार होतं, हे मी कितीदा तरी बोटांवर मोजून पाहिलंय. शेत नाही, म्हणजे गावाचं बियाणं राहिलं काय आणि गेलं काय, तिच्या दारात काडीही पडायची नव्हती. नवरा केव्हाच वारलेला. एक तंदूर होता, आणि तंदुराला पीठ तुर्काचं की रशियनाचं हे कळत नाही. उलट शिपाई रोटीला दुप्पट भाव द्यायला तयार होते. मी मिर्झा, लोकांची पत्रं लिहून पोट भरणारा. माणसं समोर बसून मन मोकळं करतात. त्यातून सलाम-दुवा वजा केली की खाली उरतो तो फायदा. तूबामावशीपाशी येऊन ही वजाबाकी अडते.

आमचं सरआसियाब केर्मानशाहहून हमदानला जाणाऱ्या रस्त्यावर. लढाई तुर्कांची आणि रशियाची. आमच्या शाहाने फर्मान काढलं होतं की इराण कोणाच्याच बाजूचं नाही. ते फर्मान सराईच्या भिंतीवर पिठाच्या खळीने चिकटवलं होतं. खळ ताजी होती, तेव्हा कदखुदा सफ्दरच्या शेळीने ती चाटता चाटता कागदही खाल्ला. तेव्हापासून रशियनांनी जव नेले की लोक म्हणायचे, "सफ्दर, तुझ्या शेळीला ओकायला लाव!" तुर्कांनी मेंढरं नेली की पुन्हा तेच. सफ्दर गावाचा प्रमुख, पण त्या शेळीपायी त्याला दोन वर्षं मान वर करता आली नाही.

त्या उन्हाळ्यात मळणी संपली आणि खबर आली की रशियन मागे हटताहेत, आपल्याच गावावरून. मागे हटणारी फौज पुढे जाणाऱ्या फौजेपेक्षा जास्त खाते. खायचा गहू जाणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. डोंगरातल्या ओक झाडांची फळं दळून माणूस हिवाळा काढू शकतो. पण चाळीस पोती बियाण्याची होती, बत्तीस घरांची. ती गेली तर शरदात पेरायचं काय? आणि न पेरलेलं गाव पुढच्या वर्षी गाव राहत नाही.

गावच्या इमामजाद्याच्या, म्हणजे दर्ग्याच्या, अंगणात सगळे जमलो. कोणी म्हणालं पुरू. पण रशियनांचे कोसॅक घोडेस्वार लोखंडी गज जमिनीत खुपसत फिरतात. कोणी म्हणालं विहिरीत टाकू. त्याला त्याच्या बायकोनेच गप्प केलं. तेव्हा तूबामावशी म्हणाली, "बस्तला बसवा."

आमच्या इमामजाद्याच्या दारात एक साखळी आहे. ती ओलांडून जो आत गेला तो बस्तला बसला; त्याला शाहाचे शिपाईही ओढून काढत नाहीत. खुनी बसलेत, सासूला कंटाळलेल्या सुना बसल्यात. एकदा तर करवसुलीला आलेला अधिकारीच गावकऱ्यांना भिऊन आत बसला होता. बसलेल्याला मुजावराने जेवू घालायचं, आणि बसलेल्याने साखळीबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं की संपलं.

मुजावर कर्बलाई नौरूझअली हा दिव्यातलं तेलही मोजून घालणारा माणूस. तो म्हणाला, "बस्तला माणूस बसतो, तूबा. गहू कसा बसेल? गव्हाने कोणाचा खून केलाय?"

"गहू नाही बसत. चोर बसतो, मालासकट. गावाचं बियाणं एका रात्रीत चोरीला गेलं, चोर पळून आत बसला. मग कोण काढेल?"

"पण चोर कोण?" सफ्दरने विचारलं.

का कोण जाणे, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझे गुडघे दुखतात," मी म्हणालो. "इमामजाद्याची फरशी फार गार आहे."

"जीभ तर दुखत नाही ना, मिर्झा?" तूबामावशी म्हणाली. "मग तू बाहेर बसून शिव्या दे. चोर मी. मला शेत नाही, म्हणजे चोरायला कारणही आहे."

"आणि जेवण?" मुजावराचा आवाज चिरकला. "पेरणीपर्यंत अडीच महिने आहेत!"

"थोडं खाईन, कर्बलाई. तुझ्या घरचं जेवण कोणी जास्त खाल्ल्याचं ऐकलंयस का कधी?"

सगळे हसले. तिची मुलगी गुलअंदाम तेवढी हसली नाही. तिचं लग्न चश्मेकबूद गावात ठरलेलं, पेरणीनंतरचा मुहूर्त. ती भिंतीपाशी उभी होती. तिच्याकडे पाहून आई म्हणाली, "अगं, पेरणी झाली की सगळ्यांसमोर खरं सांगून टाकू." गुलअंदामने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे पाहायला कोणी थांबलं नाही. मीही नाही.

दोन दिवसांत पोती आत गेली आणि तूबामावशी त्यांच्यावर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी रशियन आले. सफ्दरने त्या दिवशी शेळीचं सगळं उट्टं काढलं. पागोटं काढून तो रशियन अधिकाऱ्याच्या घोड्यापुढे लोळला. "साहेब, हिने आम्हाला बुडवलं! तेवढी साखळी तोडा, तिला बाहेर ओढा, अर्धा गहू तुमचा!" दुभाष्याने सांगितलं तसा अधिकारी हसला. मागे तुर्क होते, वर डोंगरात लूर टोळ्या होत्या, आणि दर्ग्याला हात लावला तर त्या टोळ्या खाली उतरतील हे त्याला ठाऊक होतं. गावाच्या भांडणात पडायला त्याला सवड नव्हती. सफ्दरची दोन खेचरं, घराघरातलं पीठ आणि माझा चहाचा समोवार घेऊन फौज गेली. पोती तशीच राहिली.

तुर्क आले ते मात्र राहायला आले. त्यांचा कप्तान तुर्कस्तानातल्या कोन्या शहरचा, बारीक मिशांचा, पाच वेळा नमाज पढणारा आणि बाकी वेळ डोळे उघडे ठेवणारा. साखळीसमोर चटई टाकून तो तीन दिवस नुसता चहा पीत बसला. चौथ्या दिवशी त्याने मला बोलावलं.

"मिर्झा, तुमच्या गावात चोर फार लाडके दिसतात."

"ते कसं, साहेब?"

"काल एका म्हातारीने हिला खरबूज आणून दिलं. परवा एकाने शाल दिली. माझं घर ज्याने लुटलं त्याला मी खरबूज देणार नाही. ही चोर असेल तर बस्त खरं, मी साखळीला हात लावणार नाही. पण ही चोर नसेल, तर आत बस्त नाही, कोठार आहे. आणि कोठार लढाईत फौजेचं असतं. उद्या बाजार आहे. मी बघतोच."

उद्या तिला शिव्या द्या, असं रात्री मी घरोघर जाऊन सांगून आलो. पण आमची माणसं! दुसऱ्या दिवशी सगळे साखळीसमोर जमले आणि शिव्या अशा दिल्या, की पाहुण्याला आणखी एक रोटी घ्यायचा आग्रह चाललाय असं वाटावं. "तूबामावशी, हे बरं नाही केलंत तुम्ही!" चोराला 'तुम्ही' म्हणणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही. कप्तानाने चहाचा पेला खाली ठेवला आणि मिशीवरून बोट फिरवलं.

मग मी पुढे झालो. शब्दांवर जगणारा माणूस मी. मला जोर चढला. मी तिचं पीठ काढलं, तराजू काढला, मेलेला नवरा काढला. तीही आतून कमी पडली नाही. "तुझ्या बापाचं मर्तिक माझ्या रोट्यांवर झालं, मिर्झा, त्याचे पैसे आधी टाक!" हे खरं होतं, त्यामुळे मला आणखी जोर चढला. मी ओरडलो, "आई चोर, आजी चोर! आणि ती पोरगी? तीही त्याच तंदुरात भाजलेली! ज्या घरात जाईल ते घर धुऊन नेईल!"

माझ्यामागे कोणीतरी हुंदका दिला. वळून पाहिलं तर गुलअंदाम. तोंडावर चादर ओढून ती धावत निघाली, आणि तिच्यापलीकडे, टरबुजांच्या ढिगाशी, चश्मेकबूदच्या तिच्या होणाऱ्या नवऱ्याची आत्या उभी होती. तिने हातातलं टरबूज ढिगावर परत ठेवलं आणि गाढवाचं तोंड आपल्या गावाकडे वळवलं.

तूबामावशी उठून उभी राहिली होती. साखळीपर्यंत आली. एक पाऊल बाहेर टाकून हाक मारली असती तर पोरगी थांबली असती, आत्याही कदाचित. तिचा हात साखळीवर होता. मग ती मागे फिरली आणि पोत्यांवर जाऊन बसली.

कप्तान बराच वेळ गुलअंदाम गेली त्या वाटेकडे पाहत राहिला. "हे रडू खरं आहे," तो म्हणाला. त्याने चटई गुंडाळायला सांगितली.

पेरणीचे दिवस आले तेव्हा चोराला पश्चात्ताप झाला. तूबामावशीने सगळा माल इमामजाद्याला वाहिला. वाहिलेलं धान्य आमच्याकडे साठवता येत नाही. येणाऱ्याला तबर्रुक म्हणून, प्रसादासारखं, ओंजळ ओंजळ वाटायचं असतं, आणि ते घेऊन चाललेल्याच्या वाटेत कोणी येत नाही. बारा दिवस सारं गाव भक्तीला लागलं. म्हातारे, बाळंतिणी, पांगळा जाफर त्याच्या भावाच्या पाठीवर. आत जायचं, सलाम करायचा, ओंजळ घ्यायची आणि बाहेर पडून थेट नांगराच्या तासात सोडायची. माणूस दिवसाकाठी आठ-आठ, दहा-दहा वेळा पुण्य कमवत होता.

"एवढी श्रद्धा?" कप्तानाने विचारलं.

"लढाईचे दिवस, साहेब," सफ्दर म्हणाला. "खुदा आठवतोच."

कप्तानाने नांगरलेल्या रानाकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं, असं माझं मत आहे. पण तोही आत गेला, सलाम केला आणि एक ओंजळ रुमालात बांधून घेतली, कोन्याला आईकडे पाठवायला. मुजावराचा हक्क दहाव्या हिश्श्याचा, म्हणजे चार पोती. तीही त्याने ओंजळीत घातली. फरशी झाडून निघालेले दाणे मात्र ठेवून घेतले; माणूस एका पेरणीत किती बदलणार?

खरं सांगायचं ठरलं होतं ते राहूनच गेलं. तुर्क गावात होते. खरं फुटलं असतं तर सफ्दर फासावर गेला असता. चोर बाहेर आला तर त्याला शिक्षा करावी लागली असती, म्हणून तूबामावशी हिवाळाभर आतच बसली. बर्फ वितळताना तुर्क गेले, तेव्हा साखळी ओलांडून ती बाहेर आली. पाय इतके आखडले होते की तिला दोघांनी उचलून आणलं. मी त्याच दिवशी चश्मेकबूदला गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं, हळहळले. मुलाचं लग्न दोन महिन्यांपूर्वीच दुसरीशी झालं होतं. त्यांचं बियाणंही तुर्कांनी नेलं होतं. त्या वसंतात त्यांची रानं पडीक होती, आमची हिरवी.

आता बेरीज. रशियाने काही दिलं नाही. तुर्काने काही दिलं नाही, उलट एक ओंजळ नेली. शाहाने एक कागद दिला होता, तो शेळीला गेला. मुजावराने आठ महिन्यांचं जेवण दिलं, आणि ते तो अजून सांगतो. सफ्दरने दोन खेचरं दिली. तूबामावशीने गुडघे दिले. ती आता तंदुरापाशी उभी राहू शकत नाही, बाजूला बसून पिठाला आणि मला नावं ठेवते. बत्तीस घरांनी पेरलं, कापलं, खाल्लं, आणि दर मळणीला प्रत्येक घर पहिलं पोतं तिच्या दारात नेऊन टाकतं. ती म्हणते, चोरीचा माल मी घेत नाही, आणि घेते.

माझा समोवार गेला, तो मी धरत नाही.

तंदूर आता गुलअंदाम चालवते. रोज सकाळी मी रोटी घ्यायला जातो. ती मला सगळ्यात चांगली भाजलेली काढून देते, पैसे मोजून घेते, आणि एक शब्द बोलत नाही. गाव जगलं त्याची किंमत तिने भरली, आणि तिला विचारलं नव्हतं कोणीच.