जशीच्या तशी परत आणते

मी कात्री बोलतेय. नखं कापायची नव्हे, कागद कापायची तर मुळीच नव्हे. कापड बेतायची, शिंप्याची कात्री. हातात घेतलंत तर मनगट खाली जाईल एवढं माझं वजन. आणि जीभ म्हणाल तर पहिल्यापासून तिखट. पोटात एक आणि ओठात एक, हे मला कधी जमलं नाही. ज्या बाईने माझं वाटोळं केलं तिला मी चांगलं म्हणणार नाही, आणि जिने ते होऊ दिलं त्या माझ्या मालकिणीलाही सोडणार नाही. ऐकायचं तर ऐका, नाहीतर राहिलं.

भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून मला घडवलं. माझी दोन पाती दिसायला सरळ, पण आतल्या अंगाने किंचित वाकवलेली. चांगली कात्री मिटून उजेडासमोर आडवी धरलीत, तर दोन पात्यांच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसते. कापताना पाती एका वेळी एकाच ठिकाणी एकमेकांना टेकतात, आणि ती जागा मुळापासून टोकाकडे सरकत जाते. सगळी करामत त्या आतल्या बाजूची. बाहेरून कात्री चकचकीत आहे की काळीकुट्ट, याला आमच्यात काडीची किंमत नाही. माणसांमध्ये मात्र सगळी किंमत त्यालाच असते, हे मला फार उशिरा कळलं.

माझे पहिले मालक म्हणजे मालकिणीचे वडील. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं दुकान. काम झालं की स्क्रूवर तेलाचा थेंब टाकायचा, मऊ चिंधीने पुसायचं आणि मला खणात ठेवायचं, हा त्यांचा नेम. कुणी मला मागायला आलं की मान वरही न करता म्हणायचे, "कापड इकडे आणा, कापून देतो. कात्री मिळायची नाही." एकदा त्यांचा सख्खा मेहुणा यावरून रुसला. बायकोने भुणभुण लावली तर म्हणाले, "रुसू दे. रविवारी जेवायला येतोच की नाही बघ." आला! दोनदा भात वाढून घेतला वर.

म्हातारा गेला आणि मी मुलीकडे आले. हाताला ती बापाच्याही वरताण. खडूची रेघ न मारता गळ्याचा गोल कापायची, आणि कापायची तो गोलच. पण बापाचा हात तिला मिळाला, तोंड मात्र मिळालं नाही. 'नाही' हा शब्द तिच्या घशातच अडकायचा. कुणी काही मागितलं की आधी कपाळाला आठी, मग कसनुसं हसू, आणि मग, "हो, न्या की." भीड भिकेची बहीण म्हणतात ना, ती बहीण आमच्या घरी पाट मांडून बसलेली.

आता त्या दुसरीबद्दल. मालकिणीची शाळेपासूनची मैत्रीण, एका बाकावर बसलेल्या दोघी, समोरच्या इमारतीत राहते. मी तिला साखरतोंडी म्हणते. मालकिणीच्या बाळंतपणात हिने रात्रंदिवस केलं, हे मी नाकारत नाही. दोघी चहाला बसल्या की हसून हसून खोली डोक्यावर घ्यायच्या, हेही खरं. पण म्हणून काय माणसाने घर धुऊन न्यायचं?

ती आधी छत्री घेऊन गेली. छत्री आली ती एक काडी मोडून. साखरतोंडीने ती दाराशी टेकवून ठेवली, मोडकी बाजू बरोब्बर भिंतीकडे. मग इस्त्री नेली. तिच्या तव्याला काहीतरी चिकट जळून बसलेलं. परत देताना इस्त्री उभी ठेवली, तवा कपाटाकडे. घडीची शिडी नेली, तिची एक पायरी गेली. दर वेळी न मागता, हसत हसत आणून द्यायची आणि म्हणायची, "बघ, बोलल्याप्रमाणे. जशीच्या तशी परत." मालकीण म्हणायची, "घाई नव्हती ग." ती गेल्यावर मग ही बाई छत्री फिरवून बघणार, सुस्कारा सोडणार आणि गप्प बसणार. मी खणात पडल्या पडल्या दात खायची. अगं, बोल की! तुझी इस्त्री जाळली तिने! मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. हिने एकदा, फक्त एकदा, त्या बाईच्या तोंडावर बोलावं, एवढंच मला बघायचं होतं.

आणि एक दिवस पाळी माझ्यावर आली.

"अगं, ती तुझी मोठी कात्री दे ना जरा," साखरतोंडी दारातूनच म्हणाली. "पोरीच्या झग्याचं कापड आणलंय. माझी कात्री म्हणजे नुसती चावते."

मालकिणीचा हात माझ्या मुठीवर होता. तो घट्ट झाला, मला कळलं. "इकडेच आण ना कापड. मी देते कापून."

मी म्हटलं, शाब्बास! बापाची मुलगी!

"छे ग, तुला कशाला त्रास? आधीच कामात बुडालीयेस. दोन मिनिटांचं तर काम."

"नाही म्हणजे… बघू…"

त्या 'बघू'वर साखरतोंडी पडत्या फळाची आज्ञा घेऊन आत आली. मालकिणीच्या बोटांतून मला तिने सोडवून घेतलं, अक्षरशः एकेक बोट. आणि ही नुसती हसली.

समोरच्या घरात त्या झग्याचं कापड मी कापलं. झक्क कापलं. तिथून मला परत आणलं असतं, तर आज हे पुराण सांगायची वेळ आली नसती. पण मी टेबलावर राहिले. पोरीने मला घेऊन पुठ्ठा कापला. मग साखरतोंडीने जुनी चटई कापली. चटईतली वाळू माझ्या धारेखाली करकर वाजली. मग तिचा नवरा आला. त्याला खिडकीला बसवायला तारेची जाळी कापायची होती. तारेची! मला! मी जीव खाऊन ओरडले, पण कात्रीचा आवाज माणसांना फक्त 'कच्च' एवढाच ऐकू येतो. माझ्या धारेवर खाचा पडल्या. एका तारेचा तुकडा स्क्रूपाशी रुतून बसला. शेवटी त्या गृहस्थाने माझ्या टोकाने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं आणि म्हणाला, "काय बेकार कात्री आहे! धारच नाही."

"अगं बाई!" साखरतोंडीने कपाळावर हात मारला. मला वाटलं, चला, आता तरी शरम वाटली. वाटलीच होती. पण शरम वाटली की माणसं खरं बोलतात, असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाका. ती मला घेऊन कोपऱ्यावरच्या सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे गेली.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्या माणसाचा दोष नाही, तो बिचारा सुऱ्या आणि विळे घासणारा. त्याने माझा स्क्रू काढला, दोन्ही पाती वेगळी केली आणि स्क्रूपाशी रुतलेल्या तारेकडे न बघता चाकावर धरली. बाहेरून धरली असती तर गोष्ट वेगळी. त्याने आतून धरली! माझा तो आतला बाक, जो घडवणाऱ्याने जीव ओतून दिलेला, तो ठिणग्या उडवत पार सपाट करून टाकला. वर पॉलिश केलं. मी अशी चमकायला लागले की साखरतोंडीने माझ्यात बघून केस सारखे केले.

"धार लावून आणली तुझी कात्री!" तिने मला नव्या रुमालात गुंडाळून मालकिणीपुढे ठेवलं. "तुला कुठला वेळ मिळायला! म्हटलं आपणच करून द्यावं. नेली होती त्याहून चांगली परत आणली की नाही?"

चटई, जाळी, रंगाचा डबा यांचं नाव नाही. मालकिणीने मला उलटंसुलटं केलं. खाचा घासून गेल्या होत्या, वरवर बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. तिला सगळं दिसलं. तिचा चेहरा उतरला. आणि मग, अहो, या बाईने काय करावं? "थँक्यू ग," म्हणाली. चहा टाकला! माझे लचके तोडणारीला आलं घालून चहा!

ती गेल्यावर मालकिणीने मला मिटलं आणि खिडकीशी आडवं धरलं. मधून उजेड दिसला नाही. तिने मला वळवलं, पुन्हा धरलं. नाहीच दिसला. मग सुईने स्क्रूपाशी टोकरून तिने तो तारेचा तुकडा काढला आणि तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत बसली. मला वाटलं, उठेल. जिना उतरेल, समोरचा जिना चढेल, तो तुकडा त्या बाईच्या नाकासमोर धरेल. तिने तो कचऱ्यात टाकला.

तरी तिला आशा होती. दवाखान्यातल्या एका परिचारिकेचं लग्न ठरलं होतं, पन्नाशीला टेकलेली बाई, आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशाशी बसलेली. लग्नाच्या झग्यासाठी तिने रेशमी कापड आणलं होतं, ताग्यातला शेवटचा तुकडा. "पुन्हा मिळायचं नाही हो," म्हणत तिने ते दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं होतं. मालकिणीने खडूने रेघ मारली, कधी नव्हे ते. मी सुरुवात केली. पहिली वीतभर ठीक. मग रेशीम माझ्या पात्यांच्या मध्ये दुमडलं. मी कापत नव्हते, चघळत होते. बाहीच्या जागी दातरे पडलेली चीर गेली. मालकिणीने मला तिथेच सोडलं आणि दोन्ही हात तोंडावर धरले.

चीर तिने झाकली. नको तिथे चुणी घातली आणि परिचारिकेला म्हणाली की हल्ली असंच घालतात. ती भली बाई "छान दिसतंय" म्हणाली, तो झगा घालून लग्नही केलं. पण शिवायला पुन्हा आमच्याकडे आली नाही. खोटं बोलायची सवय अशी लागते बघा. एकीला दुखवायचं नाही म्हणून दुसरीला फसवायचं.

मालकिणीने नवी कात्री घेतली आणि तिला कपाटात कुलपात ठेवलं. आणि मला? मला दाराशी खिळ्याला टांगलं. आता कुणी कात्री मागितली की, "ती खिळ्यावरची न्या." चोर सोडून संन्याशाला फाशी! खालच्या वाण्याने मला खोकी फोडायला नेलं. वरच्या आजोबांनी झाडाच्या फांद्या कापल्या. मालकिणीला वाटलं, केवढी युक्ती काढली. कसली डोंबलाची युक्ती! 'नाही' म्हणायला लागू नये म्हणून माझा बळी दिला, दुसरं काय.

मग साखरतोंडी पुन्हा आली. पडद्याचं कापड कापायचं होतं. मालकिणीने मान न वळवता खिळ्याकडे बोट केलं. थोड्या वेळात बाई परत, माझ्या कडीत बोट घालून मला हलवत.

"अगं, हिला झालंय काय? माझा पडदा पार चावून ठेवला. कसली सुंदर कात्री होती तुझ्या वडिलांची! वस्तू जरा जपायला शिक, बाई."

मशीन चालू होतं, ते थांबलं.

"तूच बिघडवलीस ती," मालकीण म्हणाली.

मी खिळ्यावर असते तर खाली पडले असते.

"मी? मी तर धार लावून आणली होती!"

"तुझ्या खिडकीला बसवलीय ती जाळी कापलीस आधी. तारेचा तुकडा मिळाला मला. मग सुऱ्यावाल्याकडून घासून आणलीस. ती गेलीच त्या दिवशी."

साखरतोंडीचा चेहरा पांढराफटक पडला. "एका कात्रीपायी तू मला…"

"कात्री नाही ग एकटी. छत्री होती, इस्त्री होती, शिडी होती. दर वेळी तू हसत आलीस आणि मी हसत घेतलं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" तिचा आवाज चिरका झाला. "वर चहा पाजलास मला! मला वाटलं तू खूश आहेस. हे सगळं मनात ठेवून तू माझ्याशी हसत होतीस? इतकी वर्षं?"

खरं सांगते, मला त्या बाईचं पहिल्यांदाच काहीतरी पटलं. आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आला.

"तुला वाईट वाटेल म्हणून," मालकीण म्हणाली.

"आणि आता नाही वाटत का?"

"वाटतंय ना. वाटू दे."

साखरतोंडीने मला टेबलावर ठेवलं. आपटलं नाही, हळूच ठेवलं, जणू तिला पहिल्यांदाच माझं वजन कळलं होतं. मग जिना उतरून गेली. त्यानंतर ती आलेली नाही.

मला बरं वाटलं का? वाटलं! खोटं कशाला बोलू? दोन दिवस माझ्या गंजक्या अंगात नाच चालला होता. मग मी बघू लागले. संध्याकाळी मालकीण चहा टाकते. कप काढते दोन. एक परत ठेवते. खिडकीतून समोर बघते, त्या घरात दिवा लागलेला असतो, तिथूनही कुणीतरी इकडे बघत असते, आणि दोघी पडदे ओढून घेतात. अडलंय कुठे, ते त्यांनाच ठाऊक.

आता म्हणाल, कात्रीबाई, तुमची विनंती काय? विनंती करायचा माझा स्वभाव नाही. तुमच्याकडे कुणाची वस्तू असेल आणि तुमच्या हातून मोडली असेल, तर दारातच सांगा, 'मोडली माझ्याकडून.' जीभ झिजत नाही. आणि वस्तू तुमची असेल, तर त्याच दिवशी भांडा. चांगले कडाकडा भांडा. माझी मालकीण त्याच दिवशी भांडली असती, तर तिची फक्त कात्री गेली असती.